आमच्या साहेबांच्या मूळ पेशी

आमदाराच्या ऑफिसात दोनच गोष्टी साठतात, अर्ज आणि किस्से. अर्जांचं एक बरं असतं. ते वर पाठवता येतात, खाली पाठवता येतात, 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शिक्का मारून शेजारच्या खात्यात ढकलता येतात. किस्से मात्र कुणी घेत नाही. ते पीएच्याच अंगावर राहतात.

मी अकरा वर्षं साहेबांचा पीए आहे. साहेब विधान परिषदेचे आमदार. परिषदेच्या माणसाला लोकांनी थेट निवडून दिलेलं नसतं, त्यामुळे साहेब शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके आपलेच समजतात. दोन्हीकडे ऑफिस, आणि आम्ही बहुतेक वेळ मधल्या न्हावऱ्याच्या रस्त्यावर. बदल्यांचे, पाण्याचे, विजेची डीपी जळाल्याचे किस्से तुम्हाला कुठल्याही पीएकडे मिळतील. आमच्याकडे मूळ पेशींचे आहेत. म्हणजे स्टेमसेलचे! हसू नका, पुढे ऐका.

आधी आमच्या बबनमामांची ओळख करून देतो. मामा पाटसचे, साहेबांचे ड्रायव्हर. त्यांची नात चिऊ सात वर्षांची आहे, तिला थॅलेसेमिया आहे. दर तीन आठवड्यांनी तिला पुण्याला नेऊन रक्त चढवावं लागतं. त्या दिवशी साहेब स्वतः रिक्षाने हिंडतात आणि गाडी चिऊला देतात, हे मी साहेबांच्या नावावर पहिल्याच पानावर लिहून ठेवतो, कारण पुढे त्यांची बरीच निंदा येणार आहे. डॉक्टर म्हणाले होते, जुळणाऱ्या माणसाच्या मूळ पेशी मिळाल्या तर रक्त चढवणं कायमचं थांबू शकतं. घरात कुणाचं जुळलं नाही. खाजगी दवाखान्यातला खर्च ऐकून मामांनी फाइल मिटली आणि गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ठेवून दिली.

*

अधिवेशनाच्या आधी पक्षाची बैठक असते. कुणी कशावर बोलायचं ते तिथं ठरतं. त्या दिवशी शिक्रापूरच्या चौकात एक कंटेनर आडवा झाला आणि साहेब दीड तास अडकले. बैठकीला पोचले तोवर कांदा गेला होता, बिबट्या गेला होता, रस्ते तर पहिल्या पाच मिनिटांत संपले होते. उरला होता फक्त एक अशासकीय ठराव: राज्य शासनाने मूळ पेशी संशोधनासाठी निधी द्यावा आणि पुणे जिल्ह्यात सरकारी संशोधन व उपचार केंद्र काढावं. साहेब तेव्हा विरोधी बाकावर होते, म्हणजे सरकारकडे काहीही मागायला मोकळे होते.

परतताना गाडीत बसल्या बसल्या त्यांनी मला फोन लावला. "तू बी.एस्सी. हायेस ना?"

मी म्हटलं, हो, झूलॉजी.

"मग झालं. हे तुझ्याच खात्याचं हाय. भाषण लिही."

झूलॉजीत मी एकच बेडूक कापला होता, तोही माझ्या पार्टनरने. पण त्या दिवसापासून साहेब मला 'सायंटिस्ट' म्हणायला लागले. तालुक्यात आता निम्म्या लोकांना माझं खरं नाव माहीत नाही.

फोन स्पीकरवर होता, मामांनी सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या दारात मला गाठून त्यांनी हळूच विचारलं, "ते मूळ पेशी म्हंजी चिऊच्या डाक्टरांनी सांगितलं त्येच का?" मी हो म्हणालो. सरकारी केंद्र निघालं तर चिऊचं फुकट होईल का, असंही विचारलं. मी म्हणालो, निघालं तर होईल. ते गाडीकडे वळले आणि स्वच्छ असलेली काच पुन्हा पुसत बसले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच मला वाटलं, हे भाषण जरा नीट लिहावं.

*

लिहिणं सोपं होतं, साहेबांना समजावणं अवघड. मी वहीत गोल काढले, बाण काढले. या पेशीपासून रक्ताची पेशी होते, हाडाची होते, असं सगळं सांगितलं. साहेब डोळे मिटून ऐकत होते. ते ऐकतायत की झोपलेत हे त्यांच्या सौभाग्यवतींनाही सांगता येत नाही.

शेवटी मी वही मिटली आणि म्हटलं, "साहेब, उसाच्या कांडीवर डोळा असतो की नाही? ती कांडी पुरली की त्या डोळ्यातून अख्खा ऊस येतो. मूळ, पाला, कांड्या, सगळं त्या एवढ्याशा डोळ्यातून."

साहेबांनी डोळे उघडले. "म्हंजी बेणं!"

"जवळजवळ तसंच."

"मग दोन तास गोल कशाला काढत व्हतास?"

*

बेणं सापडल्यावर साहेबांना राहवेना. पाटसला एका सोसायटीची सभा होती, विषय खताचा होता. साहेबांनी खत बाजूला ठेवलं आणि मूळ पेशींवर वीस मिनिटं बोलले. माणसाच्या अंगातही बेणं असतं, ते एकाचं काढून दुसऱ्याला लावता येतं, आणि हे बेणं सरकारनं द्यावं ही आपली मागणी आहे, वगैरे. टाळ्याही पडल्या.

मग गणपतआबा उठले. आबांनी आयुष्यात कारखान्याची एकही सभा चुकवलेली नाही आणि एकाही सभेत गप्प बसलेले नाहीत. त्यांनी विचारलं, "व्हरायटी कोणती?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"आन् दुसरं," आबा म्हणाले, "एकदा लावल्यावर खोडवा धरता येतोय का परत्येक वर्षी नवी लागण?"

तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून नव्या लागणीशिवाय पुन्हा येणारं पीक म्हणजे खोडवा, आणि गंमत म्हणजे प्रश्न बरोबर होता. एकदा दिलेल्या पेशी अंगात धरतात का, हेच तर डॉक्टर बघतात. मी उठून सांगितलं, धरलं तर जन्मभर खोडवा. आबा समाधानानं खाली बसले आणि शेजाऱ्याला म्हणाले, "मग परवडतंय."

*

या सभेची बातमी पेपरात आली. बातमीदाराने आपल्या मनाने त्यात भर घातली, की बाळाच्या नाळेतही या पेशी असतात. खरं आहे ते. पण आमच्याकडची खोड बातमीदाराला ठाऊक नव्हती. आमच्या भागात कारखान्याकडे उसाची नोंद जो आधी करतो त्याला तोड आधी मिळते. त्यामुळे कुठलीही नवी गोष्ट निघाली की माणूस पहिल्यांदा विचारतो, नोंद कुठं करायची?

तिसऱ्या दिवशी यवतचे एक गृहस्थ स्टीलचा डबा घेऊन ऑफिसात आले. डब्यात हळदीत ठेवलेली, वाळून सुपारीएवढी झालेली नातवाची नाळ होती. नातू कॉलेजात. त्यांना म्हटलं, काका, हे असं नसतं, ती जन्मल्या जन्मल्या घ्यावी लागते, ही वाळली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ते तुमचं तुम्ही बघा," ते म्हणाले, "आमची नोंद करा आन् पावती द्या. मागनं वशिल्याची मान्सं पुढं घुसत्यात."

ते उठेनात. शेवटी एक रजिस्टर काढून मी पहिल्या पानावर त्यांचं नाव लिहिलं आणि शिक्का मारून पावती दिली. तीच माझी चूक झाली. गावात पावती दिसली, आणि आठवड्याभरात ऑफिससमोर डबे, बरण्या आणि एक थर्मास घेऊन रांग लागली. एकाने तर होणाऱ्या बाळाची आगाऊ नोंद मागितली. सून यायची होती, मुलगी बघणं चालू होतं!

रांगेत मामाही उभे होते. ते हातात काहीच न घेता आले होते. म्हणाले, "आमची न्हाई द्यायची. आमाला घ्यायची हाय. घेणाऱ्याची नोंद येगळी का ह्येच्यातच?" मी रजिस्टर उलटं केलं आणि मागच्या बाजूने पहिल्या पानावर चिऊचं नाव लिहिलं. त्या बाजूला दुसरं नाव कधी आलं नाही.

*

बातमीत आणखी एक वाक्य होतं, केंद्र पुणे जिल्ह्यात होणार. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! केंद्राचा पत्ता नाही, पण शिरूर आणि दौंडमध्ये जुंपली.

शिरूरचं शिष्टमंडळ सकाळी आलं. त्यांनी गायरानातली जागा द्यायचा ग्रामसभेचा ठरावच आणला होता, शेजारी एमआयडीसी असल्याचा नकाशा जोडून. पर्मनंट किती घेणार, कॅन्टीनचं काम लोकल माणसाला मिळेल का, आणि गाड्या भाड्याने कुणाच्या लावणार, हे तीन प्रश्न होते. दौंडचं शिष्टमंडळ दुपारी आलं. त्यांचं म्हणणं, दौंडला रेल्वे जंक्शन आहे, माल बाहेर पाठवायला सोपं. कसला माल, हे कुणी विचारलं नाही. त्यांनी तर कोनशिलेचा दगड बघून ठेवला होता.

साहेब दोन्ही तालुक्यांचे. त्यांनी दोन्हीकडे चहा पाजला आणि दोन्हीकडे शब्द दिला. संध्याकाळी मी घाबरून विचारलं, साहेब, एक केंद्र दोन ठिकाणी कसं काढणार?

"त्यात काय? संशोधन शिरूरला, केंद्र दौंडला."

*

ठराव त्या अधिवेशनात आलाच नाही, वेळ पुरला नाही. मधल्या काळात मुंबईत जे घडायचं ते घडलं आणि एके सकाळी आम्ही सत्तेत होतो. पुढच्या अधिवेशनात ठराव आला. सरकारला खर्च करायचा नव्हता, त्यामुळे सत्तेतल्यांनी ठरावाच्या विरोधात बोलायचं असा निरोप आला. साहेबांचं नाव वक्त्यांच्या यादीत तसंच होतं, फक्त बाजू बदलली होती.

दौंडच्या बाजूचे दुसरे एक आमदार तोवर सत्तेत होते, ते आता विरोधात गेले. त्यांचा पीए नेवसे, माझा जुना दोस्त. त्याने आधी ठरावाच्या विरोधात भाषण लिहून ठेवलं होतं, आता त्याला बाजूने पाहिजे होतं. दोघंही परत पहिल्यापासून लिहिणार होतो, इतक्यात त्यालाच सुचलं. यवतच्या एका धाब्यावर आम्ही भेटलो, मिसळ मागवली आणि फाइली बदलल्या. दोघांची मेहनत वाचली. नेवसेने माझं भाषण चाळून म्हटलं, "लेका, मन लावून लिहिलंयस की!" मिसळ तिखट होती, मी पाणी प्यायलो.

साहेबांनी गाडीत नेवसेचं भाषण वाचलं आणि एकच दुरुस्ती सांगितली. "ह्यात बेणं न्हाई. बेणं घाल."

मी म्हटलं, साहेब, बेणं बाजूच्या भाषणातलं आहे.

"मग इरोधातलं बेणं घाल."

घातलं. 'बेणं कितीही चांगलं असलं तरी आधी रान तयार पाहिजे, आणि राज्याचं रान अजून तयार नाही.' साहेब खूश. मामांनी आरशातून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि परत रस्त्याकडे बघितलं. मला त्या क्षणी गाडीतून उतरावंसं वाटलं, पण गाडी ऐंशीवर होती.

*

चर्चेच्या दिवशी मी मामांना प्रेक्षक गॅलरीचा पास काढून दिला. द्यायला नको होता. पण त्यांनी कधी नव्हे तो स्वतःहून मागितला होता, नाही कसं म्हणणार?

आधी नेवसेचे साहेब उठले आणि त्यांनी ठरावाच्या बाजूने माझं भाषण म्हटलं. छान म्हटलं. बेण्यापाशी तर बाकं वाजली. मग आमचे साहेब उठले आणि त्यांनीही बेणं काढलं. रान तयार नाही, मशागत नाही, उगाच महागडं बेणं आणून काय करायचं! इकडचीही बाकं वाजली. त्यानंतर दोन्हीकडचे चार-पाच सदस्य पाठोपाठ उठले आणि प्रत्येकजण बेणं, लागण, ठिबक यावर बोलला. एकाने मध्येच उसाच्या थकीत एफआरपीचा, म्हणजे कारखान्यांनी बुडवलेल्या दराचा मुद्दा घेतला. शेवटी विदर्भातले एक वयस्कर सदस्य उभे राहिले आणि त्यांनी सभापतींना अगदी नम्रपणे विचारलं, हा ठराव सहकार खात्याचा आहे का?

मंत्र्यांनी उत्तर दिलं. सरकार या विषयात सकारात्मक आहे, योग्य वेळी योग्य निर्णय घेतला जाईल, सदस्यांनी ठराव मागे घ्यावा. सदस्यांनी मागे घेतला. पुढचा विषय पुकारला गेला.

खाली आल्यावर मामा गाडीपाशी उभे होते. साहेब यायचे होते. मामांनी विचारलं, "सकारात्मक म्हंजी मिळणार का न्हाई?"

मी म्हणालो, मामा, याचा अर्थ सरकारलाही माहीत नसतो. त्यांनी मान हलवली. "बेस झालं साहेबांचं भाषण," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. घाट चढून आम्ही परत येईपर्यंत गाडीत कुणीही रेडिओ लावला नाही.

*

आता शेवटचा किस्सा. हा मी सहसा सांगत नाही, कारण यात मी फारसा चांगला दिसत नाही.

त्याच आठवड्यात चिऊचा रक्ताचा दिवस होता. साहेबांचं पुण्यात काम होतं, ते म्हणाले, मीही येतो, आधी पोरीचं उरकू. आम्ही चौघं गेलो. चिऊला पलंगावर घेतलं, बाटली लावली, ती सवयीने वही काढून चित्र रंगवत बसली. बाहेरच्या पॅसेजमध्ये एक टेबल मांडलं होतं. मूळ पेशी देऊ इच्छिणाऱ्यांची नावं तिथं नोंदवून घेत होते.

टेबलावरच्या मॅडमनी समजावून सांगितलं. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, ती तपासायला जाते, आपलं नाव यादीत राहतं. याच मुलीशी जुळेल असं नाही. पण उद्या कुणाशी जुळलं तर यावं लागतं, तेव्हा विचार करून सही करा.

साहेबांनी विचार केला नाही. खुर्ची ओढून बसले आणि बाही वर केली. मॅडम म्हणाल्या, बाही राहू द्या, तोंड लागेल. मग वय विचारलं. साहेब म्हणाले, एकसष्ट.

"सॉरी सर, वयाची अट आहे. पन्नाशीच्या आतलेच चालतात."

साहेबांना नाही ऐकायची सवय नाही. "दाखल्यावर कमी हाय," ते म्हणाले. "आमच्या गुर्जींनी समद्या वर्गाला एक जूनच टाकला व्हता. आनखी कमी पायजे आसंल तर उद्या करून आणतो."

मॅडमना हसू आवरेना. त्या म्हणाल्या, सर, तुमच्या पेशी दाखला वाचत नाहीत. साहेब उठले. मामांचं वय तर त्यांच्याहून जास्त. मग सगळ्यांची नजर आपोआप माझ्याकडे वळली.

"ह्ये छत्तीसचं हाय," साहेबांनीच सांगून टाकलं. "सायंटिस्ट हाय आमचा."

खरं सांगतो, मी घाबरलो. या विषयावर मी बाजूने लिहिलं, विरोधात लिहिलं, रजिस्टर केलं, पावत्या दिल्या. पण यात आपल्या अंगातलं काही द्यायचं असतं, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. पुढे सुई असेल का, किती दिवस जातील, घरी काय सांगू, सगळं एकदम सुचलं. मामा भिंतीवरचा तक्ता वाचत होते. मला संकोच वाटू नये म्हणून मुद्दाम पाठ करून उभे होते, हे मला कळत होतं.

मी साहेबांना बाजूला घेतलं आणि हळूच म्हणालो, "साहेब, आपला पक्ष या विषयाच्या विरोधात आहे. उद्या कुणी फोटोबिटो टाकला तर?"

साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आत पलंगाकडे.

"इरोध मुंबईत हाय. हितं चिऊ हाय. तोंड उघड."